इंग्लंडच्या खाजगी शाळेत गणित शिकवायला येताय? आधी मार्क स्कीम वाचा

दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत फोनवर तोच प्रश्न येतो : 'ताई, आपलं बी.एड. तिकडे चालतं का?' विचारणारे बहुतेक गणित नाहीतर विज्ञान शिकवणारे असतात. आपल्याकडे काही वर्षं दहावी घेतलेली, आता इंग्लंडला यायचं मनात. मीही स्टेट बोर्डाचं गणित भाग १ आणि भाग २ शिकवूनच इकडच्या एका खाजगी शाळेत आले, त्यामुळे उत्तर देणं माझ्याकडेच येतं.

तर आधी कागदपत्रांचं. इंग्लंडमध्ये शिक्षक म्हणून मान्यता असते तिला क्यूटीएस (क्वालिफाइड टीचर स्टेटस) म्हणतात. सरकारी अनुदान न घेणाऱ्या खाजगी शाळांना ती असलेलाच शिक्षक नेमण्याचं कायद्याचं बंधन नाही. तरीही मिळत असेल तर घ्या. उद्या सरकारी शाळेत जायचं झालं तर तीच लागते, आणि खाजगी शाळाही अर्जात तो रकाना बघतातच. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात पात्रता मिळवलेल्या शिक्षकांना इथे पुन्हा कोर्स न करता त्यासाठी अर्ज करता येऊ लागला. मात्र भारतासाठी अट अशी की तुम्ही ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवायला पात्र असायला हवं. इतिहास-भूगोलवाल्यांची इथे निराशा होते. बाकी पोलिसांचा दाखला, डीबीएस (इथली गुन्हेगारी नोंदींची) तपासणी, पदव्यांची पडताळणी हे सगळं शाळेचं एचआर सांगेल तसं करायचं. मुलांच्या सुरक्षिततेबद्दलचा सरकारी दस्तऐवज वाचायला देतील, तो खरोखर वाचा. मुलाखतीत त्यावर प्रश्न येतो आणि उडवाउडवीचं उत्तर लगेच ओळखू येतं.

हे झालं की लोकांना वाटतं झालं सगळं. गणित तर तेच आहे! गणित तेच आहे, परीक्षा ती नाही.

आपल्याकडे बोर्ड एक, पुस्तक एक, सगळ्या शाळांना तोच पेपर. इथे परीक्षा घेणाऱ्या संस्था अनेक, आणि खाजगी शाळा त्यांतून विषयागणिक निवड करते. एकाच शाळेत गणित पिअर्सन एडेक्सेलचं, जीवशास्त्र केंब्रिजचं आणि कला एक्यूएची, असं सर्रास असतं. शिवाय जीसीएसई (सोळाव्या वर्षी द्यायची, आपल्या दहावीसारखी परीक्षा) वेगळं आणि आयजीसीएसई (तिचं आंतरराष्ट्रीय रूप) वेगळं. आयजीसीएसईचे निकाल सरकारी शाळांच्या कामगिरीच्या तक्त्यांत धरले जात नाहीत, म्हणून त्या शाळा त्याच्या वाटेला फारशा जात नाहीत. खाजगी शाळांना त्या तक्त्यांची फिकीर नसते, त्यामुळे तिथे ते जोरात चालतं.

याचा वर्गावर थेट परिणाम होतो. एडेक्सेलच्या आयजीसीएसई गणिताला (स्पेसिफिकेशन ए; स्पेसिफिकेशन म्हणजे बोर्डाचा अधिकृत अभ्यासक्रम) दोन पेपर, प्रत्येकी दोन तास आणि १०० गुण, दोन्हींत कॅल्क्युलेटर. एडेक्सेलच्याच साध्या जीसीएसईला तीन पेपर, प्रत्येकी दीड तास आणि ८० गुण, त्यांतला पहिला कॅल्क्युलेटरशिवाय. केंब्रिजनं २०२५ पासून आपल्या आयजीसीएसईत कॅल्क्युलेटरशिवायचा पेपर आणला. म्हणजे शेजारच्या शाळेतल्या मैत्रिणीच्या नोट्स तुमच्या मुलांना लागू पडतीलच असं नाही. नेमणूक झाली की पहिला प्रश्न विचारा : कुठलं बोर्ड, कुठलं स्पेसिफिकेशन, त्याचा कोड काय? कोड हातात आला की स्पेसिफिकेशन फुकट उतरवून घेता येतं. पाठ्यपुस्तक नंतर बघा. इथे पुस्तक हा संदर्भ असतो, अभ्यासक्रम नव्हे.

आता मुद्द्याचं. प्रत्येक जुन्या पेपरसोबत दोन गोष्टी मिळतात : मार्क स्कीम, म्हणजे कशाला किती गुण द्यायचे याचा छापील तक्ता, आणि परीक्षकांचा अहवाल. पहिली बहुतेक जण उत्तरं ताडून बघायला वापरतात. दुसरीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. माझ्या मते इथल्या शिक्षकाला मिळणारं सगळ्यात उपयोगी प्रशिक्षण या दोन कागदांत आहे, आणि त्याला एक पैसा पडत नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. २० टक्के सूट देऊन जाकीट ६८ पौंडांना विकलं, तर मूळ किंमत किती? उत्तर ८५. तीन गुणांचा प्रश्न. मार्क स्कीममध्ये ढोबळ मानानं असं असतं : ६८ म्हणजे ८० टक्के हे कळल्याचं दिसलं, म्हणजे १ − ०.२ किंवा ०.८ लिहिलं, तर पद्धतीचा एक गुण, त्याला एम म्हणतात. ६८ ला ०.८ नं भागलं तर दुसरा एम. ८५ आलं तर अचूकतेचा एक, तो ए. आता वर्गातल्या हुशार पोराची वही उघडा. त्यानं ६८ चे २० टक्के काढून ६८ मध्येच मिळवलेत : ८१.६०. आकडेमोड बिनचूक, मांडणी सुंदर, गुण शून्य. शेजारच्या मुलीनं ६८ ÷ ०.८ लिहिलं आणि कॅल्क्युलेटरवर बोट चुकून ८.५ लिहिलं, तर तिला दोन. हा हिशोब मुलांना फळ्यावर दाखवला की 'मॅम, स्टेप्स कशाला लिहायच्या?' हा प्रश्न पुन्हा ऐकावा लागत नाही.

स्टेपचे गुण आपल्याकडेही देतात, त्यात नवल नाही. पण इथे ते इतके उघड, छापून ठेवलेले असतात की मूलही ते वाचू शकतं. वाचू द्या. काही संक्षेप सुरुवातीला कोड्यासारखे वाटतात. 'ओई' म्हणजे त्याच किमतीचं दुसरं रूपही चालेल. 'सीएओ' म्हणजे नेमकं हेच उत्तर हवं. 'एफटी' म्हणजे आधीचं उत्तर चुकलं असलं तरी ते घेऊन पुढची पायरी बरोबर केली तर गुण द्या. आणि बीजगणितात प्रश्नाखाली 'स्पष्ट बैजिक कृती दाखवा' अशी ओळ असेल तर नुसत्या उत्तराला काही नाही, मग ते कितीही बरोबर असो. आपली तोंडी गणितात तरबेज मुलं इथे हमखास मार खातात, इथे वाढलेली मराठी घरांतली मुलंसुद्धा. घरी आजोबांनी पाढे पक्के करून घेतलेले असतात ना!

परीक्षकांच्या अहवालात प्रत्येक प्रश्नावर चार-दोन ओळी असतात : कुठे मुलं घसरली, कुठली चूक सगळीकडे दिसली. ती सूट-किमतीची चूक अशा अहवालांत वरचेवर भेटते. धडा शिकवण्याच्या आदल्या दिवशी त्या विषयाच्या मागच्या तीन-चार अहवालांतल्या ओळी वाचून गेलात, तर वर्गात कोण काय चुकेल ते आधीच ठाऊक असतं.

एक सावधगिरी. सगळ्यात ताजे पेपर काही महिने फक्त शिक्षकांसाठी कुलूपबंद असतात, कारण शाळा ते सराव परीक्षेला वापरतात. मुलं तरीही ते इंटरनेटवरून शोधून काढतात. सराव परीक्षेत कुणाला अचानक पैकीच्या पैकी पडले तर फार हरखू नका.

वर्षभर शिकवून झालं की परीक्षक म्हणून अर्ज करा, हा माझा आग्रह. आपल्याकडे पेपरांचे गठ्ठे येतात, मॉडरेटर मधूनमधून तपासतो. इथे घरी बसून स्क्रीनवर तपासायचं, तेही अनेकदा अख्खा पेपर नाही तर वेगवेगळ्या मुलांचे ठरावीक प्रश्न. आधी सराव, मग चाचणी, आणि खऱ्या तपासणीतही आधीच गुण ठरवलेल्या काही उत्तरपत्रिका तुमच्या नकळत मध्ये पेरलेल्या असतात. त्यांवर तुमचे गुण सारखे हुकायला लागले तर काम थांबवतात. पैसे फार नाहीत आणि जून महिना त्यात जातो. पण एकाच प्रश्नाची शेकडो उत्तरं डोळ्यांखालून गेली की मुलं विचार कसा करतात ते जसं कळतं, तसं कुठल्याही कार्यशाळेत कळत नाही.

ज्या मुलांना डिस्लेक्सियासारखी अडचण असते त्यांना बहुधा २५ टक्के जादा वेळ मिळतो. तो आयत्या वेळी मागून मिळत नाही. मुलाला वर्गातही तसा वेळ लागतो आणि दिला जातो, याचा पुरावा लागतो, आणि तो विषयशिक्षकानं द्यायचा असतो. आमच्याकडे चाचणीची नेहमीची वेळ संपली की अशी मुलं पेनाची शाई बदलतात. निळ्यात किती झालं आणि हिरव्यात किती, कागदावर सरळ दिसतं. असे दोन-तीन पेपर जीसीएसईच्या खूप आधीपासून फाईलला लावून ठेवा.

पालकांबद्दल थोडक्यात. जानेवारी २०२५ पासून खाजगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट आला. फी वाढली तशा अपेक्षाही वाढल्या. पालकसभेत एकेका घराला पाचेक मिनिटं मिळतात. 'छान चाललंय' एवढ्यावर आता कुणी उठत नाही. मूल पाचच्या ग्रेडवर (ग्रेड ९ ते १, नऊ सर्वांत वरची) का अडलंय, सहासाठी कुठले विषय पक्के हवेत, हे नेमकं सांगता आलं पाहिजे. फाउंडेशन, म्हणजे सोप्या पातळीच्या, पेपरला बसवलं तर पाचच्या वर ग्रेड मिळूच शकत नाही, हे आधीच स्पष्ट सांगा, ऑगस्टमध्ये नको.

निकाल ऑगस्टमध्ये, गुरुवारी लागतो. एडेक्सेलच्या शाळांना रिझल्ट्सप्लस या त्यांच्या ऑनलाइन सेवेवर मूलवार, प्रश्नवार गुण दिसतात, ते सप्टेंबरच्या नव्या वर्गासाठी उतरवून घ्या. एखादं मूल सीमारेषेच्या एका गुणानं हुकलं असेल तर आधी उत्तरपत्रिका मागवून मार्क स्कीमशी स्वतः ताडून बघा, मगच फेरतपासणीचा विचार करा. त्यात गुण कमीही होऊ शकतात आणि ग्रेड खालीही येऊ शकते. म्हणून अर्जाआधी मुलाची लेखी संमती घ्यावी लागते, पालकांची पुरत नाही. मुदत सप्टेंबरच्या अखेरीला संपते, आणि अर्ज शाळेच्या एक्झाम्स ऑफिसरकडूनच जातो.