डिपॉझिट अडकलं तर घरमालकाला नोटीस कशी पाठवावी

घर सोडून अडीच महिने झाले तरी माझ्या 60,000 रुपयांच्या डिपॉझिटमधला एक रुपयाही परत आला नव्हता. आधी "पुढच्या आठवड्यात बघतो", मग "रंगकामाला खर्च आला". रागाच्या भरात मी लांबलचक मेसेज पाठवले, त्यांचा काही उपयोग झाला नाही.

नोटिशीआधी कागद जमवा: करारनामा, डिपॉझिट दिल्याची बँकेतली नोंद, शेवटचं भाडं आणि वीजबिल भरल्याच्या पावत्या, घर रिकामं केल्या दिवशीचे फोटो. चावी दिल्याची लेखी पोच मी घेतली नव्हती. म्हणून मालकांना साधा मेसेज टाकला, "12 तारखेला संध्याकाळी चावी तुमच्या हातात दिली, तेव्हा घर पाहिलंत." उत्तर आलं, "हो, रंगाचं बघून सांगतो." ताबा दिल्याचा पुरावा हाच ठरला.

करार नोंदवलेला नसेल तरी घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, लिव्ह अँड लायसन्सच्या (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची फक्त परवानगी देणाऱ्या) करारातही. लेखी, नोंदणीकृत करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य धरतात.

डिपॉझिटच्या मागणीची नोटीस स्वतःही लिहिता येते. मी तीन पानं लिहिली होती, वकीलबाईंनी त्यातलं पाऊण पान ठेवलं. टोमणे, मनस्ताप, शेजाऱ्यांच्या साक्षी, सगळं गेलं. उरलं ते असं: दोघांची नावं-पत्ते, कराराची तारीख आणि मुदत, डिपॉझिट कधी आणि कसं दिलं, ताबा कधी दिला, परताव्याबद्दल करारात काय लिहिलंय. शेवटी एकच मागणी: "ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत 58,200 रुपये पुढील खात्यात जमा करावेत, अन्यथा व्याज व खर्चासह वसुलीसाठी न्यायालयात दाद मागावी लागेल."

58,200 का? बेसिनला तडा माझ्या हातून गेला होता. त्याचे 1,800 मी आपणहून वजा केले. आपलं देणं आधी मान्य केलं की उरलेल्या मागणीला वजन येतं, असं माझं ठाम मत आहे. रंगाच्या खर्चाची मात्र बिलं मागितली.

नोटीस करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवा. प्रत ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही टाका. माझं पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं तेव्हा माझा धीरच सुटला. वकीलबाई म्हणाल्या, "फोडू नका, तसंच ठेवा." बरोबर पत्त्यावर गेलेली नोटीस नाकारली, तर ती बजावली गेली असंच कोर्ट सहसा धरतं.

नोटिशीतली मुदत उलटली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेत जा. दावा लावण्याआधीच प्रकरण लोक अदालतीत, म्हणजे तडजोडीने वाद मिटवण्यासाठी, ठेवता येतं. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100. पण नुसत्या नोटिशीवर विसंबून राहू नका: पैशांच्या वसुलीचा दावा 3 वर्षांत लावावा लागतो आणि नोटीस पाठवल्याने ती मुदत वाढत नाही.

माझ्या मालकांनी व्हॉट्सॲपवरची प्रत वाचली आणि नवव्या दिवशी फोन केला. चेक देतो, आधी "हिशेब पूर्ण" असं लिहून द्या, म्हणाले. मी चेक वटेपर्यंत सही केली नाही. तुम्हीही करू नका.