लॉन न खणता वाफे आणि खडीची वाट

घरापुढचं लॉन उन्हाळ्यात पाणी पितं आणि पावसात दर आठवड्याला कापावं लागतं. ते उपटत बसू नका, झाकून मारा. एप्रिलच्या सुरुवातीला काम काढलंत तर जूनच्या पहिल्या पावसात झाडं लावता येतात.

१. आधी वाट ठरवा. फाटकापासून पायरीपर्यंत गवत जिथे पायांनी झिजलंय, तीच खरी वाट. दोन्ही बाजूंनी सुंभ टाकून खूण करा.

२. वाफ्यांच्या जागी गवत अगदी बुडापर्यंत कापा, भरपूर पाणी मारा. त्यावर साधे तपकिरी खोके उलगडून पसरा, चिकटपट्ट्या आणि पिना काढून. कडा वीतभर एकमेकांवर याव्यात. जरा फट राहिली की हरळी तिथूनच डोकं काढते. खोके भिजवा, वर चार-पाच इंच शेणखत-माती, आणि त्यावर माडाच्या झावळ्या तोडून अंथरा. अधूनमधून पाणी शिंपडत राहा. पावसात अबोली, जास्वंद, हळद लावा.

३. वाटेवरचं गवत मात्र खरवडून काढा. कडेला चिरे बसवा, मधे दोन इंच बारीक टोकदार खडी. गोल गोटे पायाखाली सरकतात, घरात म्हातारं माणूस असेल तर नकोच. चिऱ्यांमधे दर तीन-चार फुटांवर बोटभर फट ठेवा, नाहीतर आपल्या आषाढात वाटेचा ओहोळ होतो.

जपा: खोक्यांना वाळवी लागते. भिंतीपासून आणि लाकडी खांबांपासून दोन फूट जागा मोकळी सोडा.