दरीत फिरायला निघायच्या आधी

बॅग नंतर भरा, आधी मागच्या आठवड्याचं वहीतलं पान वाचा. दर आठवड्याला त्याच वाटेने जायचं म्हटलं की खरी मजा काय दिसेल यात नसते, मागच्या वेळी कळी होती तिचं पुढे काय झालं यात असते, आणि घरी वाचलं नाही तर तिथे गेल्यावर झुडूप नेमकं कुठलं तेच आठवत नाही (माझं दोनदा झालंय).

मग दुर्बीण. ८ बाय ४२ ची पुरते, म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. जास्त पटीची घेतली तर हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते. काचा रात्रीच पुसून ठेवा आणि सकाळी दुर्बीण गळ्यात हवी, बॅगेतून काढेपर्यंत पक्षी कशाला थांबतोय! फुलांसाठी १० पटीचं छोटं भिंग, ते डोळ्याला चिकटवायचं आणि फुलापर्यंत आपणच वाकायचं, तोडायचं नाही. सूर्यफुलाच्या कुळातलं एखादं रानफूल त्यातून बघाच, एक फूल समजत होतो ती बारक्या फुलांची गर्दी निघते, मधली प्रत्येक नळी म्हणजे वेगळं फूल. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा गुडघे चिखलात भिजले तरी उठवेना.

फोन फुल चार्ज, मेमरी रिकामी, आवाज बंद. नुसत्या फुलाच्या फोटोवरून नंतर ओळख पटत नाही, त्यामुळे पान, पानाची मागची बाजू, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठावर लव आहे का, सगळं घ्यायचं, आणि एक फोटो शेजारी बोट धरून म्हणजे साइज कळते. पक्ष्याला बोलवायला त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवू नका, घरट्याच्या दिवसांत तर अजिबातच नको, दुसरा नर आलाय समजून तो बिचारा सगळं टाकून भांडायला येतो.

कपडे मळकट रंगाचे, फुल पँट मोज्यात खोचलेली, कारण गोचीड गवतातूनच चढतात. पाणी, टोपी, घरी सांगून निघणं, हे माहितीच आहे. वेळ म्हणाल तर उजाडल्यावरचा पहिला तास पक्ष्यांचा, फुलपाखरं ऊन खाल्ल्याशिवाय हलत नाहीत. प्राणी बघायचे असतील तर वारा तोंडावर हवा, म्हणजे आपला वास त्यांच्याकडे जात नाही. दरीत भल्या सकाळी थंड हवा उताराने खाली येते, ऊन तापलं की उलटी वर चढायला लागते, म्हणून सकाळी खालून वर जाणं बरं.

शेवटी वही आणि पेन्सिल, पेनाची शाई दवाने पसरते. तारीख, वेळ, ढग, वारा, आणि काही दिसलं नाही तर तेही लिहायचं. माझ्या वहीत ओळीने तीन आठवडे "ओढ्याकाठी शुकशुकाट" एवढंच आहे, आणि चौथ्या वेळी त्याच चिखलात गोलसर पंजा, चार बोटं, नखांची खूण नाही, म्हणजे कुत्र्याचा बहुतेक नाहीच, मांजराच्या कुळातलं कोणीतरी पाण्यावर येऊन गेलं होतं.