फिनिश कटआधी जॉब निवू द्या

सोलापूरच्या मे महिन्यात शॉपमध्ये आधीच उकाडा, त्यात लेथवर रफिंग (सुरुवातीची जाड कापणी) करून जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, आणखी तापतो. तसाच मापला की घात होतो. 50 मिमी व्यासाचा स्टीलचा जॉब मायक्रोमीटरपेक्षा 30 अंशांनी गरम असेल, तर साधारण 0.017 मिमी फुगलेला असतो. या व्यासाला एच6 या अचूक दर्जाची अख्खी टॉलरन्सच (मापात चालणारी तफावत) 0.016 मिमी! गरम असताना बरोबर आलेला जॉब निवल्यावर अंडरसाइज निघतो, आणि कापलेला धातू काही परत चिकटत नाही.

म्हणून आयटीआयच्या पोरांनो, रफिंगनंतर फिनिश कटसाठी, म्हणजे शेवटच्या बारीक कापासाठी, व्यासावर 0.5 मिमी राखा, जॉबवर कूलंटची (थंड करणाऱ्या द्रवाची) धार सोडा, चक (जॉब धरून फिरवणारा भाग) पूर्ण थांबल्यावर बोट टेकवून बघा. कोमट लागला तरी थांबा. मायक्रोमीटर उन्हात ठेवू नका, मुठीत धरून फिरूही नका, तोही तापतो.