पैसे कापले गेले, ऑर्डर मात्र नाही: वेबसाइटसाठी पेमेंट गेटवे निवडताना या चुका टाळा

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचा शनिवार होता. फोंड्याजवळच्या एक काकी काजूगर, सोलां (वाळवलेली कोकमे) आणि घरचा मसाला विकतात, त्यांची वेबसाइट मी करून दिली आहे. रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला आणि पहिलाच प्रश्न होता, "पैशे खंय गेले?" मुंबईतल्या एका गिऱ्हाइकाच्या खात्यातून १,२०० रुपये कापले गेले होते, वेबसाइटवर मात्र ती ऑर्डर 'पेमेंट बाकी' अशीच पडून होती. गिऱ्हाईक रागावलेले, काकी घाबरलेल्या, आणि गेटवे कंपनीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे ऑनलाइन घेऊन दुकानदाराकडे पोचवणाऱ्या कंपनीचा, मदतीचा क्रमांक सोमवारी सकाळपर्यंत बंद.

तेव्हापासून कुणी नवा गेटवे सुचवला की मी दर नंतर विचारतो. आधी विचारतो, की पैसे मध्येच अडकले तर मला ते कुठे दिसतील, आणि शनिवारी रात्री फोन कोण उचलेल. गोव्यातल्या बहुतेक छोट्या धंद्यांनी निवड याच प्रश्नावर करावी असे मला मनापासून वाटते. लोक नेमके उलटे करतात.

दहा पैशांसाठी घासाघीस

भारतातल्या बऱ्याच गेटवेंचा जाहीर दर कार्डासाठी दोन टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १,२०० रुपयांच्या किलोभर काजूवर २४ रुपये शुल्क, त्यावर ४ रुपये ३२ पैसे कर. हातात येतात १,१७१ रुपये ६८ पैसे. आता कुणी १.९ टक्के दर देऊ केला, तर महिन्याला ६० हजारांची विक्री असलेल्या दुकानाचे वाचतात ६० रुपये. एक ऑर्डर अडकून गिऱ्हाईक तुटले तर याच्या वीसपट रक्कम एका फटक्यात जाते. मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवतो, कारण तोंडी सांगून पटत नाही.

दराबद्दल विचारायचेच असेल तर हे विचारा. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर (व्यवहारामागे व्यापाऱ्याकडून कापले जाणारे शुल्क) लागत नाही, तरी काही गेटवे तंत्रसेवेचे म्हणून वेगळे शुल्क लावतात. तुम्ही ते लावणार का? रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून कुणी पैसे दिले तर किती कापणार? परदेशी कार्डावर किती? पैसे परत केले तर मूळ व्यवहाराचे शुल्क परत मिळते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'नाही' असते, आणि हापूस-मानकुरादची आगाऊ नोंदणी घेणाऱ्यांना ते मे महिन्यात कळते. झाडावरचा आंबा पावसाने गेला, वीस जणांचे पैसे परत केले, शुल्क मात्र खिशातून गेले.

आपले गिऱ्हाईक नेमके कोण?

गोव्यात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे. एकाच वेबसाइटवर पुण्याचा माणूस यूपीआयने पैसे भरतो, दुबईतला आपला पेडण्याचा मुलगा घरी आईसाठी काहीतरी मागवतो, आणि इंग्लंडहून कुणी डिसेंबरसाठी खोली राखून ठेवतो.

यूपीआयपुरता विचार केलात तर तिसरा माणूस अडतो. दुसऱ्याचे कदाचित जमेल, कारण संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार, सौदी अरेबिया, ब्रिटन अशा काही देशांच्या मोबाइल क्रमांकावर अनिवासी भारतीयांना यूपीआय वापरता येते. अट एवढीच, की तो क्रमांक त्याच्या इथल्या एनआरई किंवा एनआरओ खात्याला (अनिवासी भारतीयांसाठीच्या बँक खात्याला) जोडलेला हवा. तिसऱ्यासाठी परदेशी कार्ड घेण्याची सोय लागते, आणि ती बहुतेक गेटवेंवर आपोआप सुरू नसते. वेगळा अर्ज, वेगळी तपासणी, वेगळा दर. ऑक्टोबरात पर्यटक यायला लागल्यावर हा अर्ज करू नका, पावसाळ्यात करा.

पेपाल या परदेशी पेमेंट सेवेबद्दल अजूनही विचारणा होते. १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे घेण्यासाठी ते चालत नाही, परदेशातून येणाऱ्या पैशांसाठीच चालते. जुन्या व्हिडिओवर विसंबून कुणी एकटे पेपालचे बटण लावले, तर मुंबईच्या पाहुण्याला पैसेच भरता येणार नाहीत.

आणखी एक. यूपीआयची साधारण मर्यादा एका व्यवहाराला १ लाख रुपये आहे. काही ठरावीक प्रकारच्या व्यापाऱ्यांना ती जास्त मिळते, पण त्यावर भरवसा ठेवून नाताळातल्या आठवड्याच्या १ लाख २० हजारांच्या व्हिलासाठी फक्त क्यूआर देणे बरोबर नाही. कार्ड आणि नेट बँकिंग ठेवाच, नाहीतर रक्कम दोन हप्त्यांत घ्यायची सोय करा.

ऑर्डर 'बाकी' का दिसते

आता काकींच्या त्या रात्रीकडे येतो, कारण सगळ्यात जास्त फोन मला याच कारणासाठी येतात.

गिऱ्हाईक वेबसाइटवरून यूपीआय ॲपमध्ये जाते, पिन टाकते, पैसे कापले जातात. मग ते ब्राउझरमध्ये परत आले की वेबसाइटला कळते, 'पैसे मिळाले'. काकींच्या वेबसाइटची सगळी भिस्त या परतीच्या पावलावर होती. ते पाऊल पडलेच नाही तर? मधेच फोन आला, माणसाने टॅब बंद केला, वाळपईच्या पुढे रेंज गेली. पैसे गेटवेकडे सुखरूप पोचलेले असतात, फक्त दुकानाला ते कुणी कळवलेले नसते. ती बांधणी माझी होती, आणि त्या गिऱ्हाइकाची मी स्वतः फोन करून माफी मागितली.

यावरचा उपाय म्हणजे वेबहुक. गिऱ्हाईक परत येवो न येवो, गेटवेचा सर्व्हर थेट तुमच्या सर्व्हरला निरोप धाडतो. वर्डप्रेसवर वूकॉमर्स (ऑनलाइन दुकानाची जोडणी) वापरत असाल, तर गेटवेचे प्लगइन बसवले म्हणजे वेबहुकही सुरू झाले असे समजू नका. बऱ्याच वेळा त्याचा पत्ता आणि गुप्त की (निरोप खरा आहे हे ओळखायचा सांकेतिक शब्द) गेटवेच्या डॅशबोर्डवर, म्हणजे तुमचे सगळे व्यवहार दिसतात त्या पानावर, जाऊन हाताने भरावी लागते.

भरूनही ऑर्डर बाकी दिसत असेल तर मी या क्रमाने बघतो. आधी गेटवेच्या डॅशबोर्डवर तो व्यवहार शोधायचा. तिथे तो 'अयशस्वी' असेल तर पैसे तुमच्यापर्यंत आलेलेच नाहीत. तिथे 'ऑथराइज्ड' आहे पण 'कॅप्चर्ड' नाही, तर रक्कम राखून ठेवली आहे, उचललेली नाही. वेळेत उचलली नाही तर ती आपोआप गिऱ्हाइकाकडे परत जाते, आणि माल पाठवून बसलेला दुकानदार हात चोळत राहतो. सेटिंगमध्ये आपोआप कॅप्चर सुरू करा. तिथे 'कॅप्चर्ड' आहे आणि तुमच्याकडे बाकी, तर दोष वेबहुकचा. अशा वेळी सुरक्षेसाठी बसवलेले प्लगइन किंवा होस्टिंगवरची फायरवॉल (बाहेरचे संशयास्पद संपर्क रोखणारी भिंत) गेटवेचा निरोप दारातच अडवत असते, हे मला तीन वेगवेगळ्या वेबसाइटवर सापडले. चाचणीची की काढून खरी की टाकताना वेबहुकची गुप्त की जुनीच राहते, हेही नेहमीचे.

उलट बाजूही सांभाळायला हवी. एकच निरोप दोनदा येऊ शकतो. व्यवहार क्रमांक आधी नोंदला आहे का हे तपासले नाही तर एकाच ऑर्डरची दोन पार्सले निघतात. निरोपासोबत येणारी डिजिटल सही तपासली नाही, तर खोटा निरोप पाठवून कुणीही फुकटात माल मागवील. आणि स्वतः कोड लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: काही गेटवे रक्कम पैशांत मागतात. तिथे ५०० लिहिले तर गिऱ्हाइकाकडून पाचच रुपये घेतले जातात. ५०० रुपयांसाठी ५०,००० लिहावे लागतात.

गिऱ्हाइकाला काय सांगायचे? 'पुन्हा एकदा भरून बघा' हे कधीही नाही. दोन वेळा पैसे गेले तर आधीचा राग दुप्पट होतो. त्याच्याकडून बँकेचा व्यवहार क्रमांक घ्या, डॅशबोर्डवर शोधा, मगच बोला. पैसे खात्यातून कापले गेले आणि व्यापाऱ्याला पोचलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ते व्यवहारानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत, आणि त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई गिऱ्हाइकाला मिळायला हवी. हे शांतपणे सांगितले की समोरच्याचा आवाज खाली येतो. काकींच्या बाबतीत पैसे गेटवेकडे कॅप्चर झालेले होते. ऑर्डर हाताने पुढे सरकवली आणि काजू चवथीआधी पोचले.

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत

व्हॉट्सॲपवर आलेला 'पेमेंट सक्सेसफुल'चा फोटो पाहून माल सोडू नका. असे फोटो बनवणारी ॲप आहेत. आपल्या खात्यात किंवा डॅशबोर्डवर रक्कम दिसली तरच माल द्या. 'परताव्यासाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असे कुणी म्हटले तर ती फसवणूक आहे. यूपीआय पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

होमस्टेवाल्यांसाठी

खोली भाड्याने देणाऱ्यांना सगळ्यात मोठा फटका बसतो तो चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाच्या बँकेने पैसे परत मागण्याचा. भारतीय कार्डावर ओटीपी लागतो. परदेशी कार्डावरून तो न लागताही पैसे येऊ शकतात. असे पैसे भरलेला पाहुणा राहून जातो, आणि महिन्याभराने त्याची बँक म्हणते, 'हा व्यवहार मी केला नाही असे आमच्या ग्राहकाचे म्हणणे आहे.' गेटवे तुमच्या पुढच्या रकमेतून ते पैसे रोखून धरतो आणि पुरावा मागतो, तोही ठरावीक दिवसांत. म्हणून पाहुणा आला की पासपोर्टची प्रत, नोंदवहीतली सही, बुकिंगचा ईमेल हे सगळे एका जागी ठेवा. रद्द करण्याची अट पैसे भरायच्या बटणाच्या वरच दिसू द्या, तळाशी बारीक अक्षरात नको.

पैसे हातात कधी येतात हेही हंगामाआधी विचारा. 'टी अधिक २' म्हणजे व्यवहारानंतर कामकाजाचे दोन दिवस. त्यात शनिवार-रविवार आणि सुट्ट्या आल्या की गुरुवारी रात्री भरलेले पैसे पुढच्या आठवड्यात येतात. ३१ डिसेंबरला स्वयंपाक्याचा आणि सफाईवाल्याचा पगार त्याच पैशांवर अवलंबून असेल तर ते जड जाते.

अर्ज फेटाळला जातो तेव्हा

कारणे साधी असतात. पॅनवर एक नाव, बँक खात्यावर दुसरे. वेबसाइटवर पत्ता, फोन, गोपनीयता, परतावा आणि पाठवणीची पाने नाहीत. खाद्यपदार्थ विकता पण एफएसएसएआय (अन्न सुरक्षेचा) क्रमांक नाही, पाहुणे ठेवता पण पर्यटन खात्याचे नोंदणीपत्र नाही.

आणि फेणी. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आपल्या सगळ्यांना तिचा अभिमान आहे, पण दारूची विक्री गेटवेंच्या निषिद्ध यादीत असते. काजू आणि कोकम विकणाऱ्या वेबसाइटच्या कोपऱ्यात फेणीची एक बाटली 'मागवा' बटणासह ठेवली, तर सगळे खाते गोठू शकते आणि काजूचे पैसेही त्यातच अडकतात. फेणीची माहिती द्यायची तर वेगळ्या वेबसाइटवर द्या.

गेटवे घेण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या परवानाधारक पेमेंट ॲग्रिगेटरांच्या (दुकानांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांच्या) यादीत त्या कंपनीचे नाव शोधा. गिऱ्हाइकाचा कार्ड क्रमांक स्वतःच्या फॉर्मवर घ्यायला सांगणारा वेबसाइटवाला भेटला तर त्याला काम देऊ नका. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाच्या कार्डाचा तपशील साठवून ठेवता येत नाही.

महिन्याला दहा-बारा ऑर्डर असतील तर गेटवे वेबसाइटला जोडायची घाईही नको. गिऱ्हाइकाला पेमेंट लिंक (पैसे भरायचा दुवा) पाठवा, पैसे भरले की डॅशबोर्डवर दिसते. माझ्या ओळखीच्या डिचोलीतल्या एका ताईंनी दोन वर्षे असेच लोणचे विकले.

जोडलात, तर वेबसाइट लोकांना दाखवण्याआधी एक करा. स्वतःच्या फोनवरून १० रुपयांची खरी ऑर्डर द्या. पिन टाकला की ब्राउझर बंद करा, परत येऊच नका. पाच मिनिटांनी लॅपटॉपवर बघा, ऑर्डर 'भरली' दिसते का. मग तेच १० रुपये परत करा आणि तुमच्या खात्यात यायला किती दिवस लागले ते वहीत लिहा. गिऱ्हाइकाने विचारले की तोच आकडा सांगायचा.