जादा शुद्धीकरणाचं क्रेडिट कसं मोजायचं
मर्यादेपेक्षा जास्त स्वच्छ पाणी सोडलं, तर ती जादा घट कमी पडणाऱ्या दुसऱ्याला विकायची, तिलाच इथं क्रेडिट म्हणायचं. तुर्भ्याला सांडपाण्याच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून हिशोब आधी सांगते. समजा, मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम बीओडीची (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) आहे आणि तुमचं पाणी 18 वर आलं. फरक 12. रोज 5 एमएलडी, म्हणजे 50 लाख लिटर, सोडत असाल तर 12 गुणिले 5, म्हणजे दिवसाला 60 किलो. विकायला एवढंच.

नमुना 24 तास थोडाथोडा गोळा करा, बर्फाच्या पेटीत ठेवा, 27 अंशांवर 3 दिवसांची बीओडी चाचणी लावा. एका बाटलीवर सौदा नकोच!

अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये 2002 पासून नायट्रोजनची अशी देवघेव सुरू झाली. तिथं जागेनुसार क्रेडिटचं वजन बदलतं. ठाणे खाडीतही ऐरोलीची घट वाशीच्या घाणीला सरसकट लावू नका. आणि क्रोमियमसारखे विषारी धातू या व्यवहारात आणूच नका.