दहावीची सहल आणि संमेलनाचे नाटक एकाच महिन्यात कसे पार पाडावे

दहावीची सहल आणि स्नेहसंमेलनातील दहावीचे नाटक ही दोन्ही कामे बहुतेक शाळांत एकाच वर्गशिक्षकाच्या गळ्यात पडतात आणि दोन्ही डिसेंबरातच उरकावी लागतात, कारण जानेवारीत पूर्वपरीक्षा असते आणि त्यानंतर बोर्डाची. गेली एकोणीस वर्षे मी ही कामे करीत आलो आहे. या काळात मला मिळालेले बहुतेक सल्ले नेपथ्य, वेशभूषा आणि सहलीतील जेवण यांविषयीचे होते. या गोष्टी कशाही जमून जातात. जमत नाही तो मुलांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणे, आणि सहल नेमकी त्याच्याच मुळावर येते.

म्हणून सर्वप्रथम तारखा ठरवाव्यात. सहल आणि नाटक यांत किमान दहा दिवसांचे अंतर ठेवावे आणि सहल आधी न्यावी. ‘दोन दिवस आधी सहल नेली की मुले ताजीतवानी होतात’ हा सल्ला मी एकदा ऐकला होता. परतीच्या प्रवासात मुलांनी रात्री अकरापर्यंत भेंड्या खेळल्या, आणि प्रयोगाच्या सकाळी नाटकातील आईचे काम करणारी मुलगी समोर येऊन नुसते ओठ हलवू लागली. खडीसाखर, ज्येष्ठमध, हळदीचे दूध असे सर्व काही झाले. बसलेला घसा त्या दिवशी काही सुटला नाही. अशा घशाला विश्रांतीच लागते, आणि विश्रांती म्हणजे कुजबुजसुद्धा नाही. दहा दिवस हाताशी असले तर ती देता येते.

संहिता दिवाळीच्या सुट्टीपूर्वी निवडावी. प्रेक्षक केवळ शाळेतील मंडळी आणि पालक असतील, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शैक्षणिक संस्थेतील अशा प्रयोगाला सूट आहे. तिकीट लावून गावाला बोलवायचे असेल तर मात्र लेखकाची परवानगी घ्यावीच. पाठांतर, कपडे, मिशा यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. मिशी डिंकाने घट्ट बसवावी आणि तालमीत एकदा तरी लावून बोलायला लावावे, एवढेच.

आता मुख्य गोष्ट. मुलांना ‘मोठ्याने बोला’ असे सांगणे पूर्णपणे निरुपयोगी आहे. मोठ्याने बोलू लागलेले मूल वाक्याची सुरुवात जोरात करते, श्वास संपतो आणि शेवटचे दोन शब्द गिळते. इतर काही भाषांत हे एखादे वेळी खपून जाईल. मराठीत खपत नाही, कारण आपले क्रियापद आणि ‘नाही’ हे दोन्ही वाक्याच्या शेवटी येतात. आमच्या एका नाटकात खोटा आळ आलेला मुलगा हेडमास्तरांसमोर कळवळून म्हणतो, ‘सर, मी पैसे घेतले नाहीत.’ मागच्या रांगांपर्यंत पोहोचले ते इतकेच : ‘सर, मी पैसे घेतले.’ पुढच्या रांगेतील आया डोळे पुसत होत्या आणि मागे बाप खो-खो हसत होते. त्या हसण्याने गोंधळून पोराने पुढचे सर्व संवाद घाईघाईने उरकले. चूक त्याची नव्हती. महिनाभर मी पहिल्या बाकावर बसून तालीम घेतली होती आणि मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

तेव्हापासून मी ‘शेवटचा शब्द’ ही एकच कवायत घेतो. एका मुलाला वही-पेन्सिल देऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसवावे आणि प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द लिहून घ्यायला सांगावे. त्या मुलाने संहिता वाचलेली नसावी, नाहीतर ते ऐकलेले न लिहिता आठवलेले लिहिते. पहिल्या दिवशी वही जवळजवळ कोरी येते. ती रागावून नव्हे, तर नुसती वाचून दाखवावी. मग लांब वाक्यात श्वास कोठे घ्यायचा तेथे संहितेत पेन्सिलीने उभी रेघ मारून द्यावी आणि ओरडण्याऐवजी व्यंजने स्पष्ट उच्चारायला लावावीत. आठवडाभरात वही भरू लागते.

सहलीचे ठिकाण मी याच हेतूने निवडतो. ६ जून १६७४ रोजी ज्या राजसभेत शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, ती रायगडावरील जागा २२० फूट लांब आहे, आणि नगारखान्याकडील बारीक आवाजही सिंहासनाच्या जागेपाशी ऐकू येतो. इतिहासाचा तास झाल्यावर, गर्दी नसेल तेव्हा आणि गडाचा मान राखून, एका मुलाला नगारखान्यापाशी साध्या आवाजात एखादे वाक्य बोलायला सांगावे. ओरडल्याशिवाय आवाज पोहोचतो, हे मुलांना तेथे कानांनी कळते. माझ्या महिनाभराच्या बडबडीने ते कळलेले नसते. शाळेच्या मैदानाला अर्थात अशी वास्तू लाभलेली नाही, हेही तेथेच सांगून टाकावे, नाहीतर मुले निवांत होतात.

सहलीची बाकीची व्यवस्था सरळ आहे : शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतिपत्रे, मुलींबरोबर शिक्षिका, आणि महिनाभर आधी आगारात अर्ज, शालेय सहलींना एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते. महाडहून पाचाडकडे जाणारा रस्ता वळणांचा आहे, तेव्हा पिशव्या जवळ ठेवाव्यात. रायगड झाल्यावर ‘जाता जाता समुद्र’ हा हट्ट मात्र अजिबात मानू नये. फेब्रुवारी २०१६मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर या विषयावर चर्चा करण्यासारखे काही उरलेले नाही. परतीच्या प्रवासात भेंड्या बंद करता येत नाहीत, मी करूनही पाहिले आहे. नाटकातील पाच-सहा मुख्य मुलांना आपल्या शेजारी पुढच्या बाकांवर बसवावे आणि गुण मोजण्याचे काम द्यावे.

प्रयोगाच्या दिवशी ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या माणसाला स्वतः जाऊन भेटावे. नाटकाआधी नाच झालेले असतात आणि त्यांच्यासाठी लावलेला इको तसाच सुरू राहतो. तो बंद झाल्याची खात्री पडदा उघडण्यापूर्वी करून घ्यावी. रंगमंचाच्या मधोमध एकच माइक उभा करू देऊ नये, नाहीतर प्रत्येक पात्र मरतानासुद्धा त्याच्याकडे चालत येते. पुढच्या कडेला तीन माइक खाली ठेवावेत आणि मुलांना ते आहेत हे विसरायला सांगावे.

विंगेत प्रॉम्प्टर म्हणून नववीतील एखादी शांत मुलगी उभी करावी आणि आपण शेवटच्या रांगेत जाऊन बसावे. मी पूर्वी तेथून रुमाल हलवीत असे. प्रकाशझोतासमोर मुलांना तो कधीच दिसला नाही. आता खिशात लहान बॅटरी असते. वाक्याचा शेवट ऐकू आला नाही की एकदा उघडझाप करतो, आणि पुढचे ‘नाही’ बहुधा मांडवाबाहेरच्या भेळवाल्यालाही ऐकू जाते.